धुराड्याची ओढ

सातपुड्याच्या कुशींत वसलेल्या धडगांवच्या परिसरांत हिवाळ्याच्या सकाळीं एक दृश्य नेहमीं दिसतें. डोंगरउतारावर विखुरलेल्या पाड्यांतील घरांच्या छपरांतून, एकाच जागेहून नव्हे तर कौलाकौलांतून, निळसर धूर झिरपत असतो. शहरांतून प्रथमच आलेल्या माणसास वाटावें कीं, छपरानें आंतून पेट घेतला आहे. वस्तुतः घरांत चूल पेटलेली असते, इतकेंच. या घरांना धुराडें नसतें. किंवा अधिक नेमकें बोलावयाचें तर, सबंध छप्पर हेंच त्यांचें धुराडें असतें.

ही रचना हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं. बांबूच्या कामट्या विणून त्यांवर शेणमाती लिंपलेल्या कुडाच्या भिंती छपराला सर्वत्र घट्ट भिडत नाहींत. मध्यें फट राहते. चूल पेटली कीं तापलेली हवा वर चढते, कौलांच्या सांध्यांतून बाहेर पडते, आणि तिची जागा घेण्यास कुडाच्या फटींतून ताजी हवा आंत येते. आढ्याला टांगलेलीं मक्याचीं कणसें त्या धुरानें किडीपासून वांचतात, बांबूला भुंगा लागत नाहीं. मोबदला मात्र चुलीपुढें बसणाऱ्या बाईला आपल्या डोळ्यांनीं व छातीनें द्यावा लागतो. घरांतील अशा धुरामुळें २०२० या एका वर्षांत जगांत सुमारें ३२ लक्ष माणसें दगावलीं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तेव्हां जुन्या घराचे गोडवे गाण्याचें कारण नाहीं. पण त्या घराला श्वास घेतां येत होता, ही गोष्ट विसरूनहि चालणार नाहीं. कारण पुढील सारें विवेचन तिच्याभोंवतींच फिरणारें आहे.

अक्राणी तालुक्याचें मुख्य ठाणें असलेलें हें गांव १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून निघून नव्या नंदुरबार जिल्ह्यांत आलें. त्यानंतरच्या काळांत येथील घरांत दोन बदल झाले. १ मे २०१६ रोजीं उत्तर प्रदेशांतील बलिया येथें प्रारंभ झालेल्या उज्ज्वला योजनेनें गॅसची टाकी डोंगरांतल्या पाड्यांच्या वाटेला लावली. आणि त्याच वर्षीं सुरू झालेल्या घरकुल योजनेनें कुडाच्या जागीं विटांची भिंत व कौलांच्या जागीं काँक्रीटचें छत आणण्यास प्रारंभ केला. दोन्ही गोष्टी हिताच्या. पण ज्या ज्वाळेला धूर दिसत नाहीं अशी ज्वाळा, आणि ज्या घराला फट नाहीं असें घर, हीं दोन एकत्र आलीं म्हणजे एक नवा प्रश्न उभा राहतो. जें जळतें त्याचें पुढें होतें काय? तें जातें कोठें?

गॅस जळतांना धूर होत नाहीं, म्हणून त्यापासून कांहींच निघत नाहीं अशी समजूत फार ठिकाणीं आढळते. हिशेब मात्र निराळें सांगतो. घरगुती टाकींत १४.२ किलोग्रॅम गॅस भरलेला असतो. तो मुख्यतः प्रोपेन व ब्यूटेन या दोन वायूंचा बनलेला असतो. ही टाकी पूर्ण जळून रिकामी होईतों तिच्यापासून सुमारें ४२ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि २२ लिटरांहून अधिक पाणी, अर्थात् वाफेच्या रूपानें, निर्माण होतें. टाकी हलकी होत जाते आणि घरांतील हवा जड होत जाते, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. शिवाय एक किलोग्रॅम गॅस नीट जळण्यास सुमारें १२ घनमीटर हवा लागते. ती मिळाली तर ज्वाळा निळी व स्थिर राहते. ती मिळाली नाहीं तर जळण अपुरें होतें, आणि कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निपजूं लागतो.

या वायूला रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं, आणि तो डोळ्यांना झोंबत नाहीं. चुलीचा धूर निदान डोळ्यांत पाणी आणून माणसाला बाहेर घालवितो. हा वायु तेवढाहि इशारा देत नाहीं. रक्तांतील हीमोग्लोबिन या द्रव्याला प्राणवायूपेक्षां याची आसक्ति दोनशेंहून अधिक पट असल्यामुळें तो रक्तांत ठाण मांडून बसतो, आणि शरीर प्राणवायूवांचून तळमळतें. दहा लक्ष भाग हवेंत त्याचे २०० भाग असले तर दोनतीन तासांत डोकें दुखूं लागतें. १६०० भाग असले तर तासाभरांत प्राण जाऊं शकतो. ३२०० भागांना अर्धा तास पुरतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनीं १८९५ सालीं हा वायु मोजूनमापून स्वतःच हुंगला, आणि त्याचे परिणाम टिपून ठेवले. खाणींत उतरतांना लहानसा पक्षी पिंजऱ्यांत घालून न्यावा, म्हणजे माणसाच्या आधीं तो कोसळून इशारा देईल, ही युक्तीहि त्यांच्याच सल्ल्याची. ब्रिटनमधील खाणींतून या पक्ष्यांना रजा देऊन त्यांच्या जागीं यंत्रें आणण्याचा निर्णय १९८६ सालीं झाला.

म्हणून गॅसच्या मोठ्या उपकरणाला, विशेषतः पाणी तापविण्याच्या गिझरला, जळलेले वायु घराबाहेर नेणारी नळी असावी लागते. ही नळी म्हणजे धुराडेंच. केवळ तिच्यांतून जाणारा धूर अदृश्य. आणि जो अदृश्य आहे तो वर जातो आहे कीं खोलींत परततो आहे, हें डोळ्यांनीं कळत नाहीं. तें पारखावें लागतें.

पारखावयाचें काय, हें समजण्यासाठीं जुन्या घरांतील दोन वस्तू आठवाव्या. पहिली, रॉकेलचा कंदील. त्याची कांच काढली कीं ज्योत फडफडते व काजळी धरते. कांच बसविली कीं ती सरळ, उजळ होते. कांच केवळ वाऱ्यापासून आडोसा करते असें नव्हे. तिच्या पोटांत तापलेल्या हवेचा एक उभा स्तंभ तयार होतो. तो बाहेरच्या हवेहून हलका असल्यामुळें वर सरकतो, आणि आपल्या मागें खालून ताजी हवा ओढून घेतो. दुसरी वस्तु, तांब्याचा बंब. त्याच्या पोटांतून एक उभी नळी गेलेली असते. खालीं जाळी, नळींत कोळसे किंवा लांकडाच्या ढलप्या, आणि भोंवतीं पाणी. प्रथम बंब धुमसतो, घरभर धूर करतो. नळी तापली कीं तोच बंब घूंघूं आवाज करीत पेटतो आणि धूर निमूटपणें वर जाऊं लागतो. या ‘घूंघूं’मध्यें धुराड्याचें सारें शास्त्र आलें. याच गोष्टीला धुराड्याची ओढ म्हणतात.

ही ओढ किती असते, हें ऐकून आश्चर्य वाटेल. १५ अंश उष्णतामानाची एक घनमीटर हवा सुमारें १.२२ किलोग्रॅम भरते; १२० अंशांना तापल्यावर तीच ०.९० किलोग्रॅम भरते. तीन मीटर उंचीच्या नळींत या फरकामुळें जो दाब उत्पन्न होतो तो अवघा १० पास्कलांच्या आसपास, म्हणजे पाण्याच्या एक मिलिमीटर जाडीच्या थराएवढा. सबंध कुटुंबाचा जीव ज्या बळावर सोंपवावयाचा तें बळ एवढेंसें! आणि तेंहि नेहमीं सारखें नसतें. बाहेर ४० अंशांचा उन्हाळा असला तर तेंच ७ पास्कलांच्या आंत येतें. नळी लांब व थंड असून तिच्यांतील वायु ६० अंशांपर्यंत निवले, तर अशा उन्हाळ्यांत अवघे दोन पास्कल उरतात. तोरणमाळासारख्या ११०० मीटरांहून उंच ठिकाणीं हवाच विरळ असल्यामुळें ओढींतला जवळजवळ दहावा हिस्सा आणखी कमी होतो. उलट, नळी विझलेली असून तिच्यांतील हवा बाहेरच्याहून थंड असेल, तर ओढ उलटी लागते आणि बाहेरची हवा नळींतून खालीं घरांत उतरते.

आतां स्वयंपाकघराच्या भिंतींत बसविलेल्या धूर काढणाऱ्या पंख्याचा विचार करावा. लहानसा पंखादेखील तासाला कांहीं शें घनमीटर हवा बाहेर फेंकतो. कुडाच्या घरांत त्याची भरपाई फटींतून सहज झाली असती. परंतु दारें-खिडक्या बंद केलेल्या पक्क्या घरांत ती कोठून व्हावी? जेथून वाट सांपडेल तेथून. आणि सर्वांत मोकळी वाट बहुधा धुराड्याचीच असते. घरांतील हवेचा दाब बाहेरच्याहून नुसता दोन ते पांच पास्कलांनीं उणा झाला तरी नैसर्गिक ओढीचें धुराडें हार खातें. मग वर जाणारे वायु खालीं येतात, ज्वाळेला पुन्हां तेच जळके वायु मिळतात, तिचें जळण आणखी बिघडतें, आणि जें विष आधीं चिमूटभर होतें तें वाढूं लागतें. ओढ नळींत नसते. ती सबंध घरांत असते. नळी नवी व चकचकीत असली, कारागिरानें ती सुबकपणें बसविली असली, तरी घराच्या इतर भागांनीं तिच्याविरुद्ध कट केला तर ती कांहींच करूं शकत नाहीं.

या मुद्द्याचा अनुभव आपल्या देशानें चुलींच्या बाबतींत पूर्वींच घेतलेला आहे. १९३४ सालीं वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याच्या मगनवाडींत जी धुराड्याची मातीची चूल तयार झाली ती ‘मगन चूल’ या नांवानें प्रसिद्ध आहे. पुढें १९८३ सालीं केंद्र सरकारनें सुधारलेल्या चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हातीं घेतला, आणि २००२ सालीं तो बंद करण्यांत आला. कोट्यवधि चुली वाटल्या गेल्या. पण बसविलेलें धुराडें काजळीनें भरलें, तडकलें, त्याच्या भोंवतालच्या छिद्रांतून पाऊस गळूं लागला, म्हणून पुष्कळांनीं तें काढून टाकलें किंवा त्याचें तोंड बुजविलें. चुली मोजल्या गेल्या. त्यांची ओढ मात्र वर्षानंतर कोणी मोजली नाहीं. गॅसच्या नळीच्या बाबतींत तेंच घडलें तर परिणाम अधिक जलद व अधिक निःशब्द होतो.

तेव्हां पारख कशी करावी? तिला महागडें साधन लागत नाहीं. एक उदबत्ती, एक हातआरसा आणि पंधरा मिनिटें पुरतात. परंतु ती कोणत्या वेळीं करावयाची हें प्रथम ठरविलें पाहिजे, कारण येथेंच बहुतेक चूक होते. कारागीर येतो तो दिवसाढवळ्या. दारें सताड उघडीं असतात, पंखा बंद असतो, घरांत चार शेजारी उभे असतात. अशा वेळीं वाईट धुराडेंहि चांगलें वागतें. पारख घराच्या सर्वांत वाईट वेळेची करावी. अशी वेळ हिवाळ्याचीच असते असें नाहीं. थंडींत दारें बंद असलीं तरी बाहेरची हवा जड असल्यामुळें ओढ जोमदार असते; उन्हाळ्यांत ओढ मंद असली तरी दारें उघडीं असतात. खरा धोका श्रावणांतल्या झडीच्या दिवशीं: पावसामुळें घर बंद, बाहेर हवा उबदार, नळी ओली व गार, आणि डोंगरावरून येणारा वारा केव्हां कोणत्या बाजूनें झोंबेल याचा नेम नाहीं. सातपुड्याच्या घरांत ही पारख अशाच दिवशीं एकदां तरी व्हावी.

प्रारंभीं गॅसचा वास येत नाहीं याची खात्री करून घ्यावी. गॅसला मुळांत वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यांत मुद्दाम दुर्गंधी द्रव्य मिसळलेलें असतें. हा गॅस हवेहून जड असल्यामुळें जमिनीलगत साचतो, म्हणून नाक खालीं नेऊन पाहावें, आणि सांध्यांना साबणाचें पाणी लावावें. बुडबुडे आले किंवा वास आला, तर उदबत्तीच काय, दिव्याचें बटणहि दाबूं नये. टाकी बंद करून दारें उघडावीं, आणि पारख दुसऱ्या दिवसावर टाकावी.

तें सारें ठीक असल्यास बाहेर जाण्याचीं दारें व खिडक्या लावून घ्याव्या, रोजच्या संवयीनें ज्या फटींत फडकीं कोंबलीं जातात तींहि कोंबावीं, स्वयंपाकघरांतला व न्हाणीघरांतला पंखा सुरू करावा, आणि घरांत दुसरी चूल असल्यास तीहि पेटवावी. एक माणूस बाहेर उभा ठेवावा. मग गिझर थंड स्थितींतून पेटवावा. पहिल्या अर्ध्या मिनिटांत थोडे वायु खोलींत येतात, बंब धुमसतो त्याप्रमाणेंच. त्यावरून निर्णय करूं नये. पांच मिनिटें जाऊं द्यावीं. ज्या गिझरला नैसर्गिक ओढीचें धुराडें असतें त्याच्या माथ्यावर, नळी जेथून सुरू होते तेथें, छत्रीसारखें एक उघडें टोपण असतें. पेटलेली उदबत्ती त्या टोपणाच्या कडेखालीं धरून सावकाश सभोंवार फिरवावी. एकाच बाजूला धरून समाधान मानूं नये. पुष्कळदां समोरून धूर आंत जातो आणि भिंतीकडच्या बाजूनें बाहेर पडत असतो.

उदबत्तीची रेघ न डगमगतां टोपणाखालीं शिरली तर ओढ आहे. ती तेथेंच घुटमळली, नागमोडी झाली, तर ओढ काठावर आहे, आणि काठावरचें धुराडें नापासच समजावें. रेघ उलट माणसाच्या तोंडाकडे ढकलली गेली, तर खोलींत काय येत आहे हें निराळें सांगणें नको. उपकरण तत्काळ बंद करून दारें उघडावीं. संशय असेल तेथें आरसा उपयोगी पडतो. थंड कोरडा आरसा टोपणाच्या कडेपाशीं क्षणभर धरावा. जळलेल्या गॅसमधील वाफ बाहेर सांडत असेल तर आरसा पुसट होतो. ही गोष्ट नाकाला कळत नाहीं, डोळ्याला धूर दिसत नाहीं, पण आरसा चुगली करतो.

पारख नापास झाली तर दोष कोणाचा, हेंहि तेथल्या तेथें शोधतां येतें. पंखे चालू ठेवून एक खिडकी उघडावी. उदबत्तीचा धूर लगेच आंत वळला, तर नळी निर्दोष आहे. उपाशी आहे तें घर. खिडकी पुन्हां लावून पंखा बंद करावा. एवढ्यानें ओढ परत आली तर पंखाच चोर. आणि खिडकी उघडूनहि, पंखा थांबवूनहि धूर बाहेरच येत राहिला, तर दोष नळीचा: ती तुंबली आहे, आंखूड आहे, किंवा चुकीची बसविली आहे. न्हाणीघराचें दार एकदां मिटून व एकदां उघडें ठेवून हीच परीक्षा करावी, कारण पंखा न्हाणीघरांत असेल तर मिटलेल्या दारानें, आणि स्वयंपाकघरांत असेल तर उघड्या दारानें, निकाल बिघडूं शकतो.

ज्यांच्यापाशीं साधनें आहेत अशा कारागिरांकडे ओढ पास्कलांत मोजणारें दाबमापक असतें, व नळींतील कार्बन मोनॉक्साइड मोजणारें यंत्रहि असतें. या दोहोंचीं कामें भिन्न आहेत. उदबत्ती व दाबमापक ‘वायु कोठें जातात’ हें सांगतात. त्या वायूंत विष किती आहे हें यंत्रच सांगूं शकतें. ज्वाळा पिवळी पडणें, भांड्याला किंवा उपकरणाच्या तोंडाशीं काजळी धरणें, टोपणाभोंवतीं गंज वा भाजल्याच्या खुणा दिसणें, बंद खिडकीवर पाणी ओघळणें, हीं जळण बिघडल्याचीं किंवा वायु सांडत असल्याचीं लक्षणें होत. मात्र निळी ज्वाळा हें निर्दोषपणाचें प्रमाणपत्र नव्हे.

नळीच्या दोषांपैकीं कांहीं येथील डोंगराळ प्रदेशाला विशेष लागू पडतात. उतारावरील घराच्या पाठीशीं टेंकाड असतें. छपराहून उंच अशा त्या टेंकाडावरून वारा उतरला कीं तो धुराड्याच्या तोंडांतून थेट खालीं शिरतो. अशा वेळीं नळी छपरापेक्षां पुरेशी उंच न्यावी व तिच्या माथ्यावर पाऊस-वारा अडविणारी टोपी बसवावी. नळी भिंतींतून आडवी काढून सोडण्याची जी पद्धत दिसते ती नैसर्गिक ओढीच्या उपकरणाला मारक आहे; आडवा भाग शक्य तितका थोडा, आणि तोहि बाहेरच्या दिशेनें सतत चढता असावा, मीटरमागें निदान दोन सेंटिमीटर. उपकरणाच्या तोंडापेक्षां नळी कोठेंहि अरुंद करूं नये. आणि पावसाळा संपल्यावर नळीच्या तोंडांत पाहावें. गांधीलमाशा व पक्षी यांना ऊबदार पोकळीचा मोह असतो. आपल्या भाषेनें धुराड्याला व त्या चिंवचिंवणाऱ्या पांखराला ‘चिमणी’ हें एकच नांव द्यावें, आणि त्या पांखरानें आपलें घरटें नेमकें त्यांतच करावें, हा योग विनोदी असला तरी परिणामांत नाहीं.

आतांपर्यंतचें विवेचन नळी असलेल्या उपकरणांचें झालें. बाजारांत मात्र जे लहान गिझर सर्रास विकले जातात, त्यांतील पुष्कळांना नळीच नसते. माथ्यावरच्या खांचांतून जळके वायु सरळ खोलींत येतात. त्यांच्या बाबतींत ओढीची पारख करण्यासारखें कांहीं उरतच नाहीं. मिनिटाला सहा लिटर पाणी तापविणारा असा गिझर तासाला जवळजवळ एक किलोग्रॅम गॅस जाळतो. दहा मिनिटांच्या स्नानाला दीडशें ग्रॅमांहून अधिक गॅस लागला. त्यासाठीं पावणेदोन ते दोन घनमीटर हवेंतील प्राणवायु खर्चीं पडला. चार फूट रुंद, सहा फूट लांब व आठ फूट उंच न्हाणीघरांत हवा असते सारी साडेपांच घनमीटरांहून थोडी कमी. म्हणजे बंद न्हाणीघरांतील तिसरा हिस्सा प्राणवायु एका स्नानांत संपतो, आणि शेंकडा २१ असलेलें त्याचें प्रमाण १४ वर येऊं लागतें. ज्वाळा त्यापूर्वींच बिघडलेली असते. स्नान करणारास थोडी गुंगी येते, ती गरम पाण्याची ऊब वाटते. आणि आंतून कडी लावलेली असते. असा गिझर न्हाणीघरांत लावणें हा उपकरणाचा उपयोग नव्हे, सापळा आहे. तो उघड्या ओसरीवर किंवा मागच्या पडवींत, बाहेरच्या हवेंत बसवून नुसतें गरम पाणी नळानें आंत आणावें. भिंतीवर वरखालीं जाळ्या ठेवून भागेल, असें विकणारा सांगतो. थंडीच्या पहिल्या आठवड्यांत त्या जाळ्यांत गोणपाट कोंबलें जातें, हें त्याला ठाऊक नसतें असें नाहीं. ज्या गिझरच्या जळणाची हवाहि नळीनेंच बाहेरून येते आणि जळके वायुहि नळीनेंच बाहेर जातात, असे बंदिस्त जातीचे गिझर मिळतात. किंमत अधिक, पण आंत बसवावयाचाच असेल तर तोच बसवावा.

याच संदर्भांत गॅसशीं संबंध नसलेल्या एका खोलीचा उल्लेख केला पाहिजे, ती बाळंतिणीची खोली. वारा लागूं नये म्हणून दार-खिडकी लावून, बाजेखालीं निखाऱ्यांची शेगडी ठेवून शेक देण्याची चाल महाराष्ट्रांत जुनी आहे. कुडाच्या घरांत ती चाल चालून गेली, कारण वारा बंद केला असें आजीला वाटलें तरी कूड तो बंद करीत नव्हता. काँक्रीटच्या खोलींत तीच शेगडी, तेच निखारे, आणि तीच मायेनें घट्ट लावलेली खिडकी, यांचा अर्थ बदलतो. रसरसलेल्या कोळशाला धूर नसतो. पण त्यापासून तोच बिनवासाचा वायु निघतो. आईच्या कुशींतलें मूल मोठ्या माणसापेक्षां भराभर श्वास घेतें, म्हणून तें आधीं सांपडतें. शेक द्यावयाचा तर शेगडी ओसरीवर ठेवून, तापविलेलें फडकें किंवा गरम पाण्याची पिशवी आंत न्यावी.

एकाच घरांतील दोघांचौघांचीं डोकीं एकाच वेळीं दुखूं लागणें, मळमळणें, पाय लटपटणें, आणि बाहेर अंगणांत गेल्यावर बरें वाटणें, हीं या विषाचीं ठळक लक्षणें आहेत. ताप नसतांना सारें घर ‘हिंवतापानें’ पडलें असें वाटलें, तर प्रथम ज्वाळेकडे पाहावें. आंत कोणी पडलेला दिसल्यास दार फोडून, श्वास रोखून, त्यास उघड्या हवेंत ओढून आणावें. गॅस मागाहून बंद केला तरी चालेल. श्वास थांबला असेल तर कृत्रिम श्वास द्यावा, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. दवाखान्यांत पोंचल्यावर घरांत काय जळत होतें हें डॉक्टरांस आवर्जून सांगावें. बोटाला लावण्याचें जें प्राणवायु मोजण्याचें लहान यंत्र असतें, त्याला प्राणवायूनें भरलेलें रक्त व या विषानें भरलेलें रक्त यांतला भेद कळत नाहीं. मरणाच्या दारीं असलेल्या माणसाच्या बोटावरहि तें ९८ चा आंकडा दाखवूं शकतें.